कॅल्प्रोटेक्टिनची घरगुती चाचणी: संच चांगला, माहितीपत्रक अपुरे

आतड्यांना दाह आहे की नाही, याचा अंदाज घरबसल्या देणारा कॅल्प्रोटेक्टिन चाचणीचा एक संच नुकताच वापरून पाहिला. नमुना घेण्याची नळी, चाचणीची पट्टी आणि तिच्या छायाचित्रावरून आकडा सांगणारे मोबाइल ॲप एवढेच त्यात असते. नळीच्या झाकणाला खाचांची काडी जोडलेली असल्याने मळ हवा तेवढाच आत जातो आणि हे काम वाटते तितके किळसवाणे राहत नाही. मंद उजेडात मात्र ॲप पट्टी वाचायला कुरकुर करते.

कॅल्प्रोटेक्टिन हे रक्तातील पांढऱ्या पेशींतील प्रथिन असून आतड्याच्या अस्तराला दाह झाला की ते मळात उतरते. एक ग्रॅम मळात ते ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. आकडा २५०च्या पुढे गेला, तर पुढील तपासणी टाळू नये. निदान मात्र कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायॉप्सीवरच (अस्तराच्या तुकड्याची तपासणी) ठरते, हे संचाच्या खोक्यावर ठळकपणे छापले आहे, ही प्रामाणिकपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

माझी खरी तक्रार लक्षणांच्या पानाविषयी आहे. पोटदुखी, जुलाब आणि थकवा एवढ्यावरच ते थांबते, आणि ही तिन्ही लक्षणे आयबीएसमध्येही, म्हणजे दाह नसताना पोट वारंवार बिघडण्याच्या विकारातही, आढळतात. चार आठवड्यांहून अधिक टिकलेले जुलाब, शौचासाठी झोपेतून उठावे लागणे, रक्त किंवा आव पडणे, शौचाची घाई आवरता न येणे, कारण नसताना वजन घटणे आणि रक्तक्षय या दाहक आजाराकडे बोट दाखवणाऱ्या खुणांचा तेथे उल्लेखच नाही. सांधेदुखी, डोळ्यांची लाली, तोंडातले वारंवार येणारे व्रण किंवा नडगीवरील दुखऱ्या लाल गाठी पोटाशी जोडायचे सहसा कोणाला सुचत नाही. म्हणूनच त्या पानावर त्या असायला हव्या होत्या. रक्त दिसले की मूळव्याध समजून गप्प बसणाऱ्यांसाठी तर एक ओळ पुरली असती. रक्त पडत असेल, तर संच मागवण्यात वेळ न घालवता डॉक्टरांकडेच जावे.

दीर्घकाळ पोट बिघडलेल्या, पण रक्त न पडणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने हा संच घ्यायला हरकत नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि आतड्याच्या साध्या संसर्गानेही आकडा वाढतो, ही सूचना मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती आधी वाचूनच नमुना घ्यावा.