क्षमेवरील अभ्यासवर्ग : आधी ऋणाचा हिशेब, मग माफी

मनात मुरलेल्या कडवटपणातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी आमच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) भरवलेला क्षमाविषयक अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शेवटच्या सत्राविषयी माझा तीव्र आक्षेप असला, तरी हा वर्ग करावा असेच मी सांगेन.

वर्गाचे खरे बळ बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्याच्या, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेच्या, विवेचनात आहे. त्यात राजा एका चाकराचे 10,000 तालांतांचे ऋण माफ करतो, पण तोच चाकर 100 दीनार देणे असलेल्या सोबतच्या चाकराला तुरुंगात टाकतो. देवाने आपले प्रचंड ऋण माफ केले असताना दुसऱ्याकडची क्षुल्लक रक्कम कशाला धरून बसायची, असा या दाखल्याचा अर्थ उपदेशातून नेहमी ऐकू येतो. शिकवणाऱ्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मात्र दोन्ही ऋणांचा हिशेब फळ्यावर मांडला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार; त्यामुळे 10,000 तालांतांचे ऋण कितीही जन्म राबून फिटणारे नव्हते, परंतु सोबतच्या चाकराकडून येणे असलेले 100 दीनार हीसुद्धा तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई होती. याचा अर्थ, येशू आपल्या जखमेला किरकोळ म्हणत नाही. येणे खरे आहे हे मान्य करूनच तो ते सोडायला सांगतो. ‘जाऊ दे, काही झालेच नाही’ असे म्हणणाऱ्याने हिशेबच केलेला नसतो, म्हणून त्याच्या मनातला कडवटपणा तसाच राहतो. वर्षानुवर्षे मन मारून गप्प बसलेल्यांना हे कोणीतरी वेदीवरून सांगायलाच हवे होते.

बायबलमधील इब्री लोकांस पत्रातील कडूपणाच्या मुळाविषयीचे वचनही घेतले गेले, पण ते मूळ अनेकांना विटाळते, हा त्यातला मंडळीला लागू पडणारा मुद्दा घाईत उरकला.

शेवटच्या सत्रात सर्वांना अपराध करणाऱ्याला पत्र लिहून पाठवायला सांगितले, हे मला अजिबात पटले नाही. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात अपराध्याची कानउघाडणी व त्याचा पश्चात्ताप यांचाही उल्लेख आहे. बायबलमधील योसेफानेही, ज्याला भावांनी विकले होते, भावांना ओळख देण्यापूर्वी त्यांची पारख केली. ज्यांचा छळ अजून चालू आहे, त्यांच्यासाठी असे पत्र धोक्याचे ठरू शकते. अशांनी वर्गाआधी पाळकांशी किंवा समुपदेशकांशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि आयोजकांनी पत्र पाठवण्याची सक्ती पुढील वर्गापासून काढून टाकावी.