घाण्यावरचं खोबरेल: लिटरने घ्यावं की किलोने?

आमच्या मालवणात एका घाण्यावर तेल मापाने देतात, दुसरीकडे काट्यावर. दोन्हीकडे भाव ३०० रुपये. मग सारखंच की! तसं नाही.

खोबरेलची घनता साधारण ०.९२ ग्रॅम प्रति मिलिलिटर. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, म्हणून लिटरभर तेल भरतं ९२० ग्रॅमच. उलट किलोला घनतेने भागा: १००० भागिले ०.९२, म्हणजे जवळजवळ १०८७ मिलिलिटर. त्याच पैशात ८७ मिलिलिटर जास्त, जवळजवळ अर्धी वाटी. विद्यार्थी हमखास इथेच चुकतात, भागायचं तिथे गुणतात. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून किलोभर तेलाने लिटरपेक्षा जास्तच जागा घ्यायला हवी, एवढं आठवलं तरी चूक लगेच सापडते.

मापाने घेणं झटपट होतं, हे मान्य. पण पौषातल्या पहाटे बाटलीतलं तेल पांढरं थिजतं, आक्रसतं, मधोमध खळगा पडतो. पातळी खाली गेलेली दिसते, वजन मात्र तेवढंच. उन्हात ठेवलं की पुन्हा वर. काट्याला या थंडी-उन्हाचं काही नाही.

मी किलोनेच घेते. लिटरचा भाव ३०० गुणिले ०.९२, म्हणजे २७६ च्या खाली असेल, तरच मापाकडे वळते.