निरोपाची फ्रेम: टिडवर्थजवळच्या एका कारागिराचं काम

फौजेतून निवृत्त होणाऱ्या माणसाला निरोपाची भेट काय द्यावी, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या शेजारचे सार्जंट इंग्लंडमधल्या टिडवर्थला असलेल्या किंग्ज रॉयल हुसार्स या ब्रिटिश फौजेच्या रणगाडा रेजिमेंटमधून बावीस वर्षांची नोकरी करून बाहेर पडले. स्क्वॉड्रनमधल्या सोबत्यांनी वर्गणी काढली आणि भेटवस्तूचं काम सार्जंटच्या बायकोवर सोपवलं. ती माझ्याकडे आली, कारण माझं माहेर भिंगारचं आहे हे तिला ठाऊक होतं. नगरला रणगाडा दलाचं केंद्र आहे. माझे वडील तिथल्या अधिकाऱ्यांच्या बदलीची आणि निवृत्तीची स्मृतिचिन्हं बनवायचे. सागवानी ढाली, पितळी रणगाडे, नावाच्या पट्ट्या यांत माझं लहानपण गेलं, त्यामुळे या कामातलं बरंवाईट मला कळतं.

आधी आम्ही ऑनलाइन एक पुतळा मागवला होता. घोड्यावरचा हुसार (जुन्या हलक्या घोडदळातला शिपाई), हातभर उंच, वर्णनात ‘कोल्ड कास्ट ब्राँझ’ असं लिहिलेलं. म्हणजे राळेत ब्राँझची भुकटी मिसळून ओतलेली मूर्ती. त्यात फसवणूक काही नाही, नीट केली तर ती चांगलीही दिसते. पण तो कुठल्याही रेजिमेंटचा कुठलाही हुसार होता. विजारीला भडक टोमॅटो लाल रंग फासलेला. या रेजिमेंटची विजार किरमिजी असते आणि त्यावर ही माणसं जीव टाकतात. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाशी लग्न करायला आलेल्या प्रिन्स अल्बर्टला डोव्हरहून कँटरबरीपर्यंत अकराव्या लाइट ड्रॅगून्सनी, म्हणजे या रेजिमेंटच्या एका पूर्वज पलटणीने, सोबत केली. त्यानंतर त्यांना अल्बर्टचं नाव मिळालं, अकरावी हुसार्स हा दर्जा मिळाला आणि ही विजारही तेव्हापासूनची. आजची रेजिमेंट ४ डिसेंबर १९९२ ला रॉयल हुसार्स आणि चौदावी-विसावी हुसार्स या दोन जुन्या पलटणी एकत्र येऊन झाली, तरी तो रंग टिकला. बावीस वर्षं तो रंग अंगावर वागवलेल्या माणसाच्या हातात टोमॅटो लाल पुतळा देणं मला पटेना. तो परत पाठवला आणि पैसेही मिळाले.

मग शेजारणीला कुणीतरी लडगर्शलच्या पुढे, अँडोव्हरच्या रस्त्यावर बसणाऱ्या या फ्रेमवाल्यांचं नाव सांगितलं. गृहस्थ एकटेच काम करतात आणि नाव कुठे देऊ नका म्हणाले, म्हणून देत नाही. टिडवर्थमध्ये विचारलंत तर कुणीही पत्ता सांगेल.

त्यांनी आधी किंमत काढली नाही. फ्रेममध्ये लावायला आम्ही नेलेली सार्जंटची मेडल्स पाहिली, हात पुसले आणि विचारलं, “नोव्हेंबरमध्ये रिमेम्ब्रन्स संडेला हे घालणार आहेत का?” म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी. आम्ही हो म्हटल्यावर खरी मेडल्स फ्रेममध्ये लावायला साफ नकार दिला. मोहिमांच्या मेडल्सच्या कडेवर त्या सैनिकाचा नंबर, हुद्दा, आडनाव आणि पलटण कोरलेली असते. ती एकदा काचेमागे गेली की दरवर्षी फ्रेम उघडायची किंवा छातीवर नक्कल लावून जायचं, दोन्ही वाईट. त्यांनी मेजवानीला लावतात त्या छोट्या मेडल्सचा एक जादा संच आणून तो बसवायचं सुचवलं. यात त्यांची कमाई कमीच झाली असणार, कारण मोठ्या मेडल्सची खोल पेटी त्यांच्याकडे बरीच महाग आहे.

संच लावताना क्रम बरोबर होता: आधी इराक, मग अफगाणिस्तान, नंतर राणीच्या दोन ज्युबिली आणि राजाचा राज्याभिषेक, शेवटी लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्टचं. हे शेवटचं पंधरा वर्षांच्या निष्कलंक नोकरीचं, त्याची रिबन किरमिजी आणि दोन्ही कडांना पांढरी. गोंद कुठेही नाही. मेडल्सची पट्टी मागून बारीक टाक्यांनी शिवलेली आणि माउंटचा, म्हणजे काचेमागच्या चौकटीचा, पुठ्ठा आम्लमुक्त. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागद पिवळा करत राहतं, हे मी माहेरी भिंतींवर पाहिलंय. माउंटच्या रंगासाठी त्यांनी पाच-सहा तुकडे खिडकीशी नेले आणि शेजारणीने आणलेल्या जुन्या विजारीला लावून पाहिले. ट्यूबलाइटखाली जो जुळत होता तो उजेडात जांभळट निघाला. दुसरा घेतला.

पण मला सगळ्यात आवडलं ते नावाच्या पट्टीचं काम. हुद्दा, आडनाव, त्यापुढे नंबरचे शेवटचे आकडे. एकाच आडनावाचे बरेच जण असले की फौजेत या आकड्यांनीच हाक मारतात आणि आमच्या सार्जंटना मेसमध्ये सगळे तसंच बोलावतात. आकडे टाकायची कल्पना फ्रेमवाल्यांचीच. ‘बावीस गौरवशाली वर्षं’ असं काहीतरी आम्ही लिहून नेलं होतं. त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा टँकमध्ये ते कुठल्या जागेवर बसले?” चॅलेंजर २ मध्ये चौघं असतात: चालक, गोळे भरणारा, तोपची आणि कमांडर. सार्जंटनी चालक म्हणून सुरुवात केली आणि कमांडर होऊन बाहेर पडले. मग पट्टीवर या चारही जागा एकाखाली एक आल्या, समोर ठिकाणं: टिडवर्थ, बसरा, हेल्मंड आणि एस्टोनियातलं टापा. बाकी एकही विशेषण नाही.

कोरण्याआधी त्यांनी पेन्सिलने लिहिलेला कागद आमच्यापुढे सरकवला आणि शेजारणीला आडनाव शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचायला लावलं. सुलटं वाचताना डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो, म्हणून माझे वडीलही गिऱ्हाइकाकडून असंच वाचून घ्यायचे. ही सवय दुसऱ्या कुणाकडे मी इतक्या वर्षांनी पाहिली आणि मला फार बरं वाटलं. कोरलंय हातानेच, लेसरने नाही. अक्षरांच्या पोटात कोरणीचा उतार दिसतो आणि उजेड बदलला की अक्षर उठतं.

पट्टीच्या एका बाजूला रेजिमेंटचा प्रशियन गरुड आहे, दुसऱ्या बाजूला एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुकऱ्या. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत मेडिसिना गाव घेताना चौदावी-विसावी हुसार्स गुरख्यांच्या खांद्याला खांदा लावून लढली, त्याची ती खूण बाहीवर आजही असते. कुकरीची धार आतल्या वळणाला असते, तीही बरोबर कोरली आहे. बाजारातल्या पट्ट्यांवर ती पुष्कळदा उलटी असते.

दुकानात रेजिमेंटला मिळालेल्या लढायांच्या सन्मानांची यादी छापलेलं एक चित्रही होतं आणि आधी तेच मध्ये घालायचं चाललं होतं. त्यात ‘सेंट्रल इंडिया’ वाचलं आणि मी थांबले. १ एप्रिल १८५८ ला बेतवेच्या काठी, राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला झाशीकडे येणाऱ्या तात्या टोपेंच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत याच रेजिमेंटची पूर्वज चौदावी लाइट ड्रॅगून्स होती. टिडवर्थच्या बराकींना अलीवाल, दिल्ली, लखनौ अशी भारतातल्या लढायांची नावं आहेत आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईचंही. मला ते रोज दिसतं आणि रोज टोचतं. मी शेजारणीला हे सरळ सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “यादी नको. त्याची माणसं असू देत.” मग मध्ये त्यांच्या टँकवरच्या चौघांचा फोटो घातला. फ्रेम त्यामुळेच चांगली झाली, असं माझं ठाम मत आहे. त्या यादीतल्या लढाया सार्जंट लढले नव्हते.

फोटोभोवतीच्या रुंद माउंटवर सोबत्यांनी सह्या आणि चार-चार शब्द लिहिले. त्यासाठी फ्रेमवाल्यांनी पिगमेंट शाईची पेनं स्वतः दिली. जेलपेन आणि साधं स्केचपेन उन्हाने फिकं पडतं. सह्या झाल्यावर शाई पूर्ण वाळेपर्यंत काच लावू दिली नाही.

आता तक्रारी. काच अतिनील किरण अडवणारी आहे, पण चमक न मारणारी नाही, आणि मेसच्या दिव्यांत पट्टी वाचायला फ्रेम तिरकी करावी लागत होती. चमक नसलेली काच जास्त पैसे देऊन मिळते, पण ती त्यांनी आपणहून सुचवली नाही. मागचे हूकही या वजनाला किरकोळ वाटले, मी बदलून घ्यायला सांगितले. शिवाय काम सावकाश चालतं आणि फोन उचलतीलच याचा भरवसा नाही. सगळे मिळून १८५ पौंड झाले, छोट्या मेडल्सचा खर्च वेगळा. हाताने कोरलेल्या कामाला मी ही रक्कम रास्त म्हणेन.

निरोपाच्या रात्री स्क्वॉड्रन सार्जंट मेजरनी भाषण केलं. बर्फात रुतलेला टँक, कुणाच्या तरी बाळाच्या जन्माची बातमी रेडिओवरून कळवणं, असे खरे प्रसंग सांगितले. मग फ्रेम टेबलाभोवती हातोहात फिरली. जो तो आधी आपली सही शोधत होता आणि मग त्या चार जागांवर बोट ठेवून ‘इथे मी याच्याबरोबर होतो’ असं सांगत होता. सार्जंट स्वतः नंबरच्या आकड्यांपाशी बराच वेळ थांबले. पुतळा दिला असता तर तो फक्त मांडणीवर ठेवला गेला असता.

करून घेणार असाल तर निरोपाच्या तारखेच्या किमान दोन महिने आधी जा. सेवेच्या नोंदीची प्रत सोबत न्या, म्हणजे ठिकाणं आणि हुद्दे आठवणीवर सोडावे लागणार नाहीत. रंग जुळवायला खऱ्या गणवेशाचा तुकडा न्या. चमक नसलेली काच स्वतःहून मागा. आणि सह्या घ्यायला माउंट बराकीत पाठवणार असाल तर कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात पाठवा, आमच्या माउंटचा एक कोपरा दुमडून आला होता आणि तो पुन्हा कापावा लागला.