बिझनेस रेफरल ग्रुपची मेंबरशिप: एका वॉटरप्रूफिंगवाल्याचा अभिप्राय

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. ठाणे, कळवा, डोंबिवली, फार तर बदलापूर. आमच्या धंद्याची गंमत अशी की एप्रिलमध्ये सोसायटीला फोन केला तर "बघू, जनरल बॉडीत ठेवतो" म्हणतात आणि जुलैत छताखाली बादली लावून तेच लोक फोन करतात, तेव्हा कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) घालता येत नाही. पावसाच्या आधी कमिटीपर्यंत पोचवणारी माणसं हवी होती, म्हणून ठाण्यातल्या एका रेफरल ग्रुपची, म्हणजे जिथे मेंबर एकमेकांना गिऱ्हाइकांची नावं देतात अशा ग्रुपची, मेंबरशिप घेतली. दुसरं वर्ष चालू आहे. ओळखीतले बरेच जण "घ्यावी का?" विचारतात, तर एकदाच सविस्तर लिहितो. ग्रुपचं नाव सांगत नाही. साचा सगळीकडे साधारण सारखाच असतो.

साचा अमेरिकेतला. इव्हान मायस्नर यांनी 1985 साली कॅलिफोर्नियात बीएनआय ही रेफरल संस्था सुरू केली, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, एका व्यवसायाचा एकच माणूस, हा त्यातला कळीचा नियम. तो रोटरीने कितीतरी आधी वापरला होता. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लबही आहे. तोंड उघडून काम मागायला आपल्या लोकांना किती जड जातं हे माहीत असेल तर त्याची गरज कळते.

आमची सभा आठवड्यातून एकदा, सकाळी साडेसातला. छातीवर बिल्ला, समोर उपमा-इडली, आणि प्रत्येकाला बोलायला पंचेचाळीस सेकंद. वेळ संपली की घंटा. या पंचेचाळीस सेकंदांत काय बोलायचं ते पैसे भरूनही कोणी नीट शिकवत नाही. आमचे विमावाले अजून "ज्याला कुणाला विमा हवा असेल" असंच म्हणतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकही चेहरा येत नाही, मग नाव काय सुचणार? मीही गच्ची, बाथरूम, टाकी अशी यादी वाचायचो. सोसायट्यांचं ऑडिट करणाऱ्या आमच्या सीए मॅडम एकदा नाश्त्याला म्हणाल्या, "अहो, गळतं सगळ्यांचंच. तुम्हाला नेमकी कोणती बिल्डिंग हवी ते सांगा ना."

पुढच्या आठवड्यात मी एवढंच बोललो: तीस वर्षं ओलांडलेली सोसायटी, गच्चीवर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी), नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, झालेलं. मुद्दाम तीस म्हटलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. म्हणजे तिथे रिपोर्ट असतो, रिपोर्टात गच्ची असते, आणि कमिटीच्या डोक्यावर तलवार असते. मॅडमनी सभा संपायच्या आत कळव्याच्या एका सेक्रेटरींना फोन लावला.

तरी माझ्या मते या मेंबरशिपमधली खरी वसूल होणारी गोष्ट सभा नाहीच. ती आहे वन-टू-वन, म्हणजे दोन मेंबरांनी सभेबाहेर तासभर भेटणं. बहुतेक जण हॉटेलात कॉफी पितात, सेल्फी ग्रुपवर टाकतात आणि पॉइंट घेतात. आमच्यातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांना मी कॉफीऐवजी साइटवर बोलावलं. पाँडिंग टेस्ट चालू होती, गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवलेलं. साहेबांनी पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेला वाकून वाटा (भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) नीट गोल मारल्यात का ते बघितलं, पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवलं, मग एक शब्द न बोलता जिना उतरून गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये गेले आणि स्टुलावर चढून छताला तळवा लावला. हात कोरडा. त्यानंतर त्यांच्याकडून जी नावं आली ती कधी सभेतल्या रेफरलच्या स्लिपवर आली नाहीत, थेट फोनवर आली.

आणि नाव आलं की खरं काम तिथून सुरू होतं. रेफरल म्हणजे माझ्या कोटेशनखाली दुसऱ्याने केलेली सही आहे. म्हणून कोटेशन गेलं, काम मिळालं, काम हातचं गेलं, प्रत्येक वेळी मी मॅडमना कळवतो. पहिला मोठा पाऊस झाला की जुन्या सेक्रेटरींना आपणहून फोन करतो. यात निम्मे मेंबर कच्चे आहेत. नाव घेतात आणि गायब होतात. मग दुसऱ्यांदा नाव मिळत नाही म्हणून ग्रुपला शिव्या घालतात.

आता तक्रारी. फी पन्नास हजारांच्या घरात, वर 18 टक्के जीएसटी, नाश्त्याचे पैसे वेगळे. सभा साडेनवाला सुटते, माझी कामाची पोरं नवाला साइटवर येतात. सुपरवायझर नसेल तर त्या दिवसाचं काम गेलंच समजा. महिन्याला प्रत्येकाच्या पॉइंटांचा हिरवा-पिवळा-लाल रिपोर्ट निघतो. लाल होऊ नये म्हणून लोक कसलेही रेफरल देतात: मेव्हण्याच्या बाथरूमची एक टाइल, चुलतभावाच्या खिडकीचं सिलिकॉन. एकाचं नाव घेऊन मी विरारला गेलो, तर त्या गृहस्थांना फक्त "अंदाज" हवा होता.

एक-व्यवसाय-एक-माणूस नियमही कागदावर दिसतो तेवढा स्वच्छ नाही. आमचे पेंटिंगवाले डॅम्पप्रूफ कोटिंग करतात आणि सभेत उभं राहून "लीकेज" म्हणतात. प्रकरण मेंबरशिप कमिटीत गेलं. फाळणी झाली: बाहेरच्या भिंती त्यांच्या, गच्ची आणि बाथरूम माझं. टेरेसच्या पॅरापेटची बाहेरची बाजू कुणाची, यावर अजून दोघं गप्प आहोत.

घ्यावी कुणी? आर्किटेक्ट, सीए, इंटीरिअर, केटरर, वकील, ज्यांचं गिऱ्हाईक पाटी बघून येत नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून येतं त्यांनी. किराणा, मेडिकलवाल्यांनी पैसे वाचवावेत. घ्यायच्या आधी पाहुणा म्हणून जा आणि तुमच्या धंद्याला चिकटून असलेले धंदे तिथे बसलेत का ते बघा. माझ्या बाबतीत सीए आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नसते तर उरलेल्या सगळ्या मेंबरांचा मिळून मला फारसा उपयोग नव्हता.

पाचपैकी साडेतीन. दिवाळीनंतर रिन्यू करतोय, त्यामुळे ठाण्यातल्या इतर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी दुसरा चॅप्टर शोधावा.