अर्ध्या उंचीचा सापळा: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला कितपत उपयोगी?

जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीसाठी ९० तास आहेत आणि तेवढ्यात हाडांपासून हार्मोन्सपर्यंत सगळे उरकायचे असते. शवविच्छेदन आमच्या वाट्याला येत नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला वर्गातला एकुलता एक सापळा इतक्या जणींमध्ये वाटला जातो की, मागच्या रांगेतल्या मुलीला हाडापेक्षा पुढच्या मुलीची वेणीच जास्त दिसते. वसतिगृहाच्या खोलीत ठेवता येईल असा ८५ सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा सापळा आम्ही खोलीतल्या मुलींनी वर्गणी काढून घेतला, त्यामागे एवढेच कारण होते. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नाही आणि दिसायला अगदी असेच सापळे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या प्रकारच्या वस्तूचे आहे, असे समजून वाचावे.

बांधणीबद्दल फार तक्रार नाही. कवटीची टोपी निघते, जबडा स्प्रिंगवर उघडतो, हातपाय सुटे करता येतात आणि पाठीचा कणा लवचीक दांड्यावर ओवलेला असल्याने वाकतो. खोक्यावर मात्र ‘२०६ हाडे’ असे ठळक छापले आहे, ते खरे नाही. प्रौढ माणसात हाडे २०६ असतात हे बरोबर. पण दोन्ही कानांतली मिळून सहा चिमुकली हाडे या सापळ्यात नाहीत आणि जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइडही नाही. हायॉइडच्या बाबतीत उत्पादकाची थोडी बाजू घ्यायला हवी, कारण ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नसते, स्नायू आणि अस्थिबंधांच्या आधारावर तरंगत असते, तेव्हा स्क्रू मारायचा तरी कुठे? मनगटातल्या आठ हाडांना ही सबब चालत नाही. ती एकाच तुकड्यात ओतलेली आहेत आणि त्यांच्या जागी फक्त उंचवटे दिसतात. त्या आठांची नावे पाठ करायची असतील, तर चांगली आकृतीच घ्यावी.

पैसे वसूल होतात ते कण्यात. मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके वेगवेगळे मोजता येतात, त्यांचे आकार कसे बदलत जातात ते बोटाला कळते आणि खाली सेक्रम (कमरेखालचे त्रिकोणी हाड) व माकडहाड सलग जोडलेले दिसते. लंबर पंक्चरच्या, म्हणजे कमरेत सुई घालून कण्यातले पाणी काढण्याच्या वेळी रुग्णाला कुशीवर घेऊन, गुडघे पोटाशी आणून, हनुवटी छातीकडे वळवून घट्ट का धरायचे, हे पुस्तकातल्या वाक्यापेक्षा हा कणा पुढे वाकवून पाहिल्यावर चटकन समजते, कारण मागच्या बाजूने कमरेच्या मणक्यांमधल्या फटी डोळ्यांदेखत उघडतात. दोन्ही इलियाक क्रेस्टच्या (कटीच्या हाडांच्या वरच्या कडांच्या) सर्वांत उंच बिंदूंवरून आडवा दोरा धरला, की तो कमरेच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर येतो. प्रौढांमध्ये मज्जारज्जू साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्याशी संपत असल्याने, सुई त्या दोऱ्याच्या लगत वरच्या किंवा खालच्या फटीत का घालतात, याचे उत्तरही तिथेच मिळते. सुई डॉक्टर घालतात हे खरे, पण रुग्णाला त्या स्थितीत धरून ठेवणे आणि त्याला हलू न देणे हे सिस्टरचे काम आहे.

खुब्याच्या इंजेक्शनसाठीही सापळा उपयोगी आहे, मात्र त्याची मर्यादा ओळखून. ढुंगणाच्या स्नायूत सुई चुकीच्या जागी गेली, तर सायटिक नर्व्हला, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या जाड मज्जातंतूला इजा होऊ शकते, हे आम्हाला पहिल्या महिन्यापासून बजावले जाते. ती नर्व्ह कटीच्या (पेल्व्हिसच्या) मागच्या बाजूने ज्या मोठ्या खाचेतून बाहेर पडते, ती खाच या सापळ्यात स्पष्ट आहे. आम्ही तिथून मांडीच्या मागे लाल लोकरीचा धागा सोडला, तेव्हा वरचा-बाहेरचा चतुर्थांश सोडून इतरत्र सुई टोचायची नाही, या नियमाचे कारण कळले. खुब्याच्या बाजूच्या व्हेंट्रोग्लुटिअल जागेसाठी तळहाताचा मागचा भाग मांडीच्या हाडाच्या वरच्या-बाहेरच्या उंचवट्यावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर, तर्जनी पुढच्या टोकाच्या हाडावर, म्हणजे अँटेरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइनवर, आणि मधले बोट मागे क्रेस्टच्या दिशेने ताणायचे असते. दोन बोटांच्या मधल्या कोनात सुई जाते. अर्ध्या आकाराच्या सापळ्यावर पूर्ण आकाराचा हात ठेवला, की हे गणितच बिघडते, कारण बोटे हाडांच्या बाहेर लोंबतात. दंडावरच्या इंजेक्शनला ॲक्रोमिऑनच्या, म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडाच्या खाली दोन-तीन बोटे मोजायची असतात, तिथेही तेच होते. म्हणून खुणा सापळ्यावर फक्त पाहाव्यात आणि मोजणी जिवंत शरीरावरच करावी. मैत्रिणीला कुशीवर झोपवून तिला वरचा पाय मांडीपासून आत-बाहेर फिरवायला सांगितले, तर हाताखाली ट्रोकँटर सरकताना जाणवतो. प्लास्टिकमध्ये हे कधीच सापडणार नाही. परिचारिकेला हाडे कातडीवरून ओळखावी लागतात आणि या सापळ्याचे मोलही मी त्याच मापाने ठरवते आहे.

सर्वांत मोठी तक्रार कटीचीच आहे. हा सापळा पुरुषाचा आहे आणि तसे जाहिरातीत किंवा खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही. पुढच्या बाजूला प्यूबिक हाडांच्या खालचा कोन अरुंद आहे, वरचे प्रवेशद्वार हृदयाच्या आकाराकडे झुकणारे आहे आणि इश्चिअल स्पाइन्स (कटीच्या दोन्ही बाजूंची हाडाची टोके) आत डोकावतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे कदाचित चालून जाईल. पण एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) आणि जीएनएमच्या मुलींचे पुढचे बरेच काम प्रसूतीगृहात असते. स्त्रीच्या कटीचे प्रवेशद्वार आडवे सुमारे १३ आणि पुढून मागे सुमारे ११ सेंटिमीटर असते, तर बाहेर पडण्याच्या जागी ही मापे जवळपास उलटी होतात. बाळाचे डोके खाली येताना का वळते, हे या अदलाबदलीवरून समजते. बाळाचे डोके किती खाली आले, हेही त्याच इश्चिअल स्पाइन्सच्या पातळीवरून ठरवतात. एवढा मोठा धडा या सापळ्यावर शिकता येत नाही. उलट शिकायला गेल्यास चुकीचा आकार डोक्यात पक्का बसतो. ज्यांच्यापुढे मिडवायफरीचा (सुईणकामाचा) अभ्यास आहे, त्यांनी पूर्ण आकाराची स्त्रीची सुटी कटी वेगळी घ्यावी, आणि दोन्हींसाठी पैसे नसतील तर आधी कटी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

छातीचा पिंजरा मध्यम दर्जाचा आहे. स्टर्नमवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) आडवा उंचवटा बोटाला लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी जोडलेली आहे, आणि तिथून खाली मोजत गेले की बरगड्यांमधली पाचवी फट मिळते. एपिकल पल्स, म्हणजे हृदयाच्या टोकाशी लागणारे ठोके ऐकताना स्टेथोस्कोप डाव्या बाजूला कुठे ठेवायचा, हे एवढ्यावर समजते. सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्यासाठी) स्टर्नमचा खालचा अर्धा भाग आणि त्याखालचे झिफॉइडचे टोकही वेगळे ओळखू येते. परंतु पुढची कूर्चा हाडांच्याच रंगाची ठेवल्यामुळे बरगडी कुठे संपते ते कळत नाही, आणि पिंजरा इतका ताठर आहे की, प्रौढांच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर दाब देताना ती कशी दबते किंवा श्वास घेताना बरगड्या वर-बाहेर कशा उचलल्या जातात, याची कल्पना येत नाही. फिजिऑलॉजीच्या बाबतीत सापळा असाच मुका आहे. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते आणि रक्तपेशी लाल मज्जेत तयार होतात, हे त्याच्याकडे बघून कुणाला सुचणार नाही.

आमच्या सापळ्यात कोपराखालची दोन हाडे, रेडिअस आणि अल्ना, दोन्ही टोकांना चिकटवलेली आहेत, त्यामुळे तळहात पालथा करताना रेडिअस अल्नावरून कशी आडवी जाते, ते दाखवता येत नाही. अंगठ्याच्या बाजूला रेडिअसच्या खालच्या टोकावर नाडी दाबून मोजतो, एवढे मात्र दिसते. बाळाची टाळू कवटीवर नसणे हा दोष म्हणता येणार नाही, कारण सापळा प्रौढाचा आहे.

किंमत तीन हजारांच्या आसपास पडली. तिघी-चौघींनी मिळून घेतल्यास ती परवडते, एकटीने घेऊ नये. पूर्वी वैद्यकीय शिक्षणासाठी जगभर खऱ्या माणसांचे सापळे मोठ्या प्रमाणात कलकत्त्याहून जात. भारत सरकारने १९८५ मध्ये त्या निर्यातीवर बंदी घातली. त्या धंद्यातल्या गैरप्रकारांबद्दल वाचल्यावर, आपल्या खोलीत उभा आहे तो प्लास्टिकचा आहे, याचे मला बरेच वाटते.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून जवळून काढलेले फोटो मागून घ्यावेत. नडगीशेजारची फिब्युला सुटी आहे का, गुडघ्याची वाटी जागेवर आहे की फीमरलाच (मांडीच्या हाडालाच) ओतलेली आहे, सेक्रमवरची छिद्रे आरपार आहेत का आणि कटी कोणाची आहे, एवढे त्यात पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याला देता आले नाही, तर ती पुरुषाची आहे असे धरून चालावे.