काचेचं पुढचं दार : दहा महिने वापरल्यावर

जानेवारीच्या शेवटी आमच्या घराला काचेचं पुढचं दार बसलं. आता नोव्हेंबर संपत आला. मधे शिमगा झाला, मे महिन्याची काहिली झाली, अख्खा पावसाळा झाला, गणपती येऊन गेले. दार बसल्यावर आठ दिवसांनी "मस्त दिसतंय" म्हणायला काय जातंय! आमच्याकडे दाराची परीक्षा आषाढात होते, म्हणून लिहायची थांबले होते.

घर गुहागरचं. रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला, तोंड पश्चिमेला. समोर रस्ता, पलीकडे घरांची रांग, त्यांच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मग समुद्र. समुद्र घरातून दिसत नाही, फक्त ऐकू येतो, पण त्याचा खार रोज न चुकता घरी येतो. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. ओटी पूर्वी उघडी होती. सासऱ्यांनी भिंत घालून ती बंद केली आणि पुढे साडेपाच फुटांची पडवी काढली. त्यामुळे ओटीवर उजेड यायला एकच वाट उरली, पुढचं दार.

तसं आमच्याकडे पुढचं दार सकाळी उघडलं की रात्री निजायच्या वेळीच लागतं. आठ महिने ते भिंतीला टेकलेलं असतं. मग ते लाकडाचं असो की काचेचं, कोणाला फरक पडतो? प्रश्न उरलेल्या चार महिन्यांचा. नैऋत्येचा वारा सुटला की पडवी असूनही झड ओटीपर्यंत येते. दार लावावंच लागतं, आणि लावलं की भर दुपारी दोनला ओटीवर दिवा लावायची वेळ. त्यात लाईटचा भरवसा नाही. जुनं दार पावसात फुगायचंही, खांदा लावल्याशिवाय बसायचं नाही. ते बदलायचंच होतं. काच सुचली ती उजेडासाठी, दिसण्यासाठी नव्हे.

"अगो, दुकानाला असतं तसलं दार घराला? दार म्हणजे आडोसा." हे सासूबाई. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं, ते पुढे येईलच.

चिपळूणला दुकानात गेलो तर तिथे एकच धोशा : बारा मिलिमीटरची अखंड काच, चौकट नाही, खाली फ्लोअर स्प्रिंग (दार हळू मिटवणारी तेलाची डबी). दिसायला झकास. पण बारा मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला तीस किलो. सात फुटी, साडेतीन फूट रुंद दार सत्तर किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं जमिनीत पुरलेल्या एका डबीवर तोललेलं. गावातल्या एका होमस्टेवाल्यांनी तसंच बसवलं होतं. पहिल्या पावसात पायरीवरचं पाणी त्या डबीत उतरलं, आत गंज धरला, तेल गळून गेलं आणि दार पाहुण्यांच्या अंगावर धाडकन मिटायला लागलं. ते बघून आल्यावर आमच्या घरात अखंड काचेवरची चर्चा संपली.

मग ठरलं ते असं. जुनी फणसाची चौकट तशीच ठेवायची. (तोरणाचे खिळे, गणेशपट्टी, उंबऱ्यावरची हळदकुंकवाची बोटं, सगळं जिथल्या तिथे.) त्यात सागवानी झडपा. प्रत्येक झडपेत खाली दीड फूट भरीव लाकूड, कारण पागोळ्यांचं पाणी तेवढं उडतं आणि कुत्रा तेवढ्याच उंचीवर नखं मारतो. त्याच्यावर रेघांची काच, दुकानात तिला फ्लूटेड म्हणतात. मग छातीच्या उंचीला लाकडाची आडवी पट्टी आणि तिच्यावर स्वच्छ काच. त्या पट्टीचा उपयोग मला नंतर कळला. उघडं आहे समजून कोणी दारावर आपटत नाही. आणि उद्या एक तुकडा फुटलाच तर तेवढाच बदलायचा.

मूळ नकाशात एकच झडप उघडणार होती, दुसरी पक्की. आधुनिक घरांच्या फोटोंत तसंच असतं. सुतारकाकांनी कागद बघितला आणि विचारलं, "वहिनी, पालखी कुठनं येणार?" मी गप्पच झाले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ओटीवर येते, बसते, बायका ओट्या भरतात. दोन फुटांच्या फटीतून देवीला आडवं-तिरकं करून आत घेणार होते का मी? दोन्ही झडपा उघडत्या केल्या. मार्चमध्ये पालखी सरळ आत आली. गणपतीतही पाट हातात घेऊन येणाऱ्याला कुठे खांदा वळवावा लागला नाही. कोकणात दाराचं माप काढताना आधी हे दोन दिवस डोळ्यांपुढे आणावेत.

काचेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे तिथेच जातात. टफन काच म्हणजे साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार केलेली. ती चार-पाच पट बळकट होते आणि फुटली तर सुऱ्या न होता बारीक बोथट खडे होतात. सगळे दुकानदार इथे थांबतात. पुढचं ते सांगत नाहीत : ती फुटली की पूर्णच ढासळते आणि दाराच्या जागी भोक उरतं. क्वचित काचेत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे ती कोणी हात न लावताही फुटते. म्हणून आम्ही लॅमिनेटेड घेतली. चार-चार मिलिमीटरच्या दोन टफन काचा आणि मधे चिकटवलेला पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा. ही फुटली तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोलीकडच्या आमच्या नातलगांची कौलं गेली होती. वारं एकदा घरात शिरलं की छपरातून बाहेर पडायला बघतं. दाराला भोक पडणं आम्हाला परवडणारं नाही.

रेघांच्या काचेची खरखरीत बाजू आतल्या अंगाला घ्या. बाहेर घेतली तर प्रत्येक रेघेत खार साठतो.

आता फजिती. टफन काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. जे माप जाईल तेच येतं. आमच्या चारपैकी एक काच मापापेक्षा चार मिलिमीटर जास्त रुंद आली. दुकानदार म्हणे माप तुमचं, सुतारकाका म्हणे माप बरोबर. शेवटी काका पटाशी घेऊन बसले आणि चार मिलिमीटर सागवान उतरवून खाच मोठी केली. लाकडी चौकटीचा हा फायदा. ॲल्युमिनियम असतं तर ती काच गोठ्यात उभी राहिली असती.

पाऊस सुरू झाला आणि पैसे वसूल व्हायला लागले. जुलैत चार-चार दिवस ऊन दिसलं नाही, पण दार लावून ओटीवर पेपर वाचता येत होता. एका दुपारी लाईट गेलेली, बाहेर धो धो, आणि सासूबाई दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. पूर्वी या दिवसांत बाहेर कोण आलंय ते दार उघडल्यावर, म्हणजे अंगावर सपकारा घेतल्यावर कळायचं. आता आधी दिसतं, मग टॉवेल घेऊनच दार उघडते.

आणि त्याच जुलैत बिजागऱ्यांवर चहा सांडावा तसे तांबूस डाग. स्टेनलेस स्टील सांगून दिलेल्या! होत्याही स्टेनलेसच, पण ३०४ प्रतीच्या. खाऱ्या हवेत ३१६ लागतं, त्यात गंज रोखणारा मॉलिब्डेनम धातू असतो. दोन्ही दिसायला सारखी आणि लोहचुंबकही दोन्हींना नीट धरत नाही, त्यामुळे घरी ओळखायची सोय नाही. बिलावर आकडा लिहून घ्या. त्याहून वाईट म्हणजे त्यात पिळलेले स्क्रू साधे लोखंडी, वरून मुलामा दिलेले. त्यांच्या गंजाचे ओघळ सागवानावर उतरले, ते अजून पॉलिशखाली दिसतात. बिजागऱ्या आणि स्क्रू दोन्ही बदलले. पैसे दुसऱ्यांदा गेले.

दुसरं दुखणं काचेच्या कडेला भरतात त्या सिलिकॉनचं. काच बसवायला आलेल्या मुलांनी जे लावलं त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास होता. तो ॲसिटिक प्रकार, स्वस्त. लॅमिनेटेड काचेच्या कडेला तो चालत नाही, पीव्हीबीच्या पडद्याला बाधतो. तिथे न्यूट्रल सिलिकॉन लागतं. वर आणखी एक चूक : खालच्या खाचेतून पाणी निघून जायला भोकंच ठेवलेली नव्हती, त्यामुळे काचेची कड पाण्यात बसून राहिली. ऑगस्टमध्ये उजव्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यात दुधाळ ठिपका दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा. पुसून जाईना, कारण तो काचेच्या आत. दुकानदाराला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "एवढं चालतं." गणपती झाल्यावर सुतारकाकांनी पट्ट्या काढल्या, खाचेला तिरकी भोकं पाडली, काचेखाली रबराचे तुकडे ठेवले आणि न्यूट्रल सिलिकॉन भरलं. हे पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं, मला विचारायचं माहीत नव्हतं एवढंच.

आता सासूबाईंच्या आडोशाचं. दिवसा बाहेर लख्ख आणि आत अंधार, त्यामुळे बाहेरून काच आरशासारखी दिसते. दारात आलेला माणूस बेल वाजवायच्या आधी केस सारखे करतो, एकदा एका गृहस्थांनी दातही तपासले, आणि आम्ही आत ओटीवर बसून ते बघत होतो. दिवेलागणीला सगळं उलटं होतं. आतला दिवा लागला की अख्खी ओटी रस्त्यावरून दिसते. आम्ही टीव्ही बघतो आणि जाणारे-येणारे आम्हाला. आरशासारखी फिल्म लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण ती दिवसाच काम करते, रात्री तिचा काही उपयोग नाही. सरळ पडदा शिवला. वरच्या काचेपुरता, सातनंतर ओढायचा. रेघांच्या काचेमागे नुसते रंग हलताना दिसतात, त्याची कोणाला हरकत नाही.

या आरशाचा त्रास माणसांपेक्षा दयाळ पक्ष्याला जास्त झाला. मार्चच्या शेवटी एक नर रोज सकाळी, दार उघडायच्या आधीच, पडवीच्या कठड्यावर यायचा, शेपूट उभारून गायचा आणि मग काचेतल्या स्वतःवर झेप. टक, टक, टक. त्यांच्या विणीचे दिवस, दुसरा नर हद्दीत खपत नाही, आणि हा दुसरा तर जागचा हलेना. आतून पडदा ओढून काही होत नाही, प्रतिबिंब बाहेरच्या अंगाला असतं. शेवटी सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा बाहेरून टांगला. लाखाच्या घरातलं दार आणि वर लुगडं, मे अखेरपर्यंत!

पावसाळ्यात रात्री दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागून पाली. त्या काचेला बाहेरून चिकटतात आणि आपल्याला त्यांची पोटं दिसतात. नातीला एका पालीच्या पोटात दोन पांढरी अंडी दिसली, कातडीतून स्पष्ट. ती रोज त्या पालीची वाट बघायची. मला किळस येते, पण हा भागही तुम्हाला माहीत असावा.

पुसण्याचं काम वाढलं, त्यात शंका नाही. खाराचा धुरकट थर पावसाच्या दिवसांखेरीज दर तीन-चार दिवसांनी बसतो. कोरड्या फडक्याने पुसू नका, वाळूचा कण असतो आणि ओरखडा कायमचा. आधी तांब्याने पाणी मारायचं, मग सुती कापड. विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग राहिले तर पाण्यात थोडं व्हिनेगर. मेमध्ये चारनंतर ऊन पडवीखालून आत घुसतं, तेव्हा काच आडोसा देत नाही. बाहेर वेताची चिक सोडावीच लागते. एसी आमच्याकडे नाही. रत्नागिरीला भावाकडे आहे, त्याच्या दाराला पावसाळ्यात बाहेरून दव धरतं आणि दिवसभर काही दिसत नाही.

खर्च : झडपा, काच, सुतारकाम, कडी-कुलूप, पॉलिश मिळून ९६ हजार. बिजागऱ्या आणि सिलिकॉनचं दुसऱ्यांदा झालेलं काम धरलं तर एक लाख सात हजार. भरीव सागवानी दार यापेक्षा फार स्वस्त पडलं नसतं. पण ज्यांच्या घराला पडवी नाही, दार थेट पावसात आहे, त्यांनी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निदान पाच फुटांचं छप्पर पुढे काढा आणि मगच दुकानात जा.

त्या दुधाळ ठिपक्याभोवती मी सप्टेंबरमध्ये काळ्या मार्करने आतून रेघ मारून ठेवलीय. आज सकाळी पुन्हा बघितलं. ठिपका रेघेच्या आतच आहे.