नापोलीची दोन विजेतेपदं: २०२२-२३ की २०२४-२५?

इटलीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या नापोली क्लबचा, प्रशिक्षक स्पालेत्तींचा २०२२-२३ चा संघ पाहणं हा निव्वळ आनंद होता. डावीकडून क्वारात्सखेलियाची मुसंडी, मध्ये ओसिमेनचे २६ गोल. ९० गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या लाझिओपेक्षा तब्बल १६ जास्त. ४ मे २०२३ रोजी उदिनेत १-१ बरोबरी झाली आणि पाच सामने बाकी असतानाच ३३ वर्षांची प्रतीक्षा संपली. माराडोनाच्या काळानंतरचं हे पहिलंच लीग विजेतेपद!

पुढच्याच वर्षी संघ थेट दहाव्या स्थानी घसरला. म्हणून नवे प्रशिक्षक कोंतेंच्या २०२४-२५ च्या यशाचं मोल मला वेगळं वाटतं. जानेवारीत क्वारात्सखेलिया नापोली सोडून पॅरिसच्या क्लबकडे गेला. २०२२-२३ मध्ये ७७ गोल करणारा नापोली या हंगामात ५९ वरच थांबला. पण बचाव भक्कम, अवघे २७ गोल स्वीकारले. शेवटच्या दिवशी काल्यारीविरुद्ध मॅकटॉमिनेने हवेत झेपावून मारलेला तो गोल, मग लुकाकूचा. नापोली ८२ गुण, दुसऱ्या क्रमांकावरचा इंटर मिलान ८१.

खेळाच्या सौंदर्यात पहिला हंगाम निःसंशय सरस. पण एका गुणासाठी शेवटच्या संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला लावणारा दुसरा हंगाम माझ्या जास्त जवळचा आहे.